छर्ऱ्यांची पिशवी कुणी शिवली?

आमच्या दुकानातली चामड्याची कात्रणं संध्याकाळी झाडून टाकता येतात. किस्से मात्र साठतच जातात! एक सांगायला घ्यावा, तर मागचे चार हट्टाने पुढे येऊन बसतात.

दुकान पिंप्राळ्यात, अक्कांच्या घराच्या पुढच्या खोलीत. अक्कांचे मालक, म्हणजे यजमान, गेले तेव्हा सगळे म्हणाले, "आता दुकान बंद करा." अक्कांनी शटर वर केलं आणि मालकांच्या जागेवर जाऊन बसल्या. मी शेजारीण. सोबतीला म्हणून गेले ती तिथलीच झाले.

* * *

धुळ्याकडचे एक भाऊ आजोबांची चामडी पिशवी घेऊन आले. ठासणीच्या बंदुकीचे शिशाचे छर्रे ठेवायची. बंदूक परवान्याची, रानडुकरांना पळवायला. पिशवीच्या गळ्याची शिवण उसवलेली.

"मिस्तरी कुठं आहेत?"

"कामालाच बसलेत. थांबा," अक्का म्हणाल्या.

त्यांनी दोऱ्याला मेण लावलं, दोन्ही टोकांना सुया ओवल्या आणि आरीने चामड्याला भोकं पाडत शिवायला लागल्या. भाऊंचा चहा झाला, पेपर झाला, दोनदा रस्त्यावर डोकावून झालं.

"मिस्तरी येताहेत की मी जाऊ?"

अक्कांनी पिशवी त्यांच्या हातात ठेवली. "जा. मिस्तरींचं झालं काम!"

* * *

दोंडाईच्याहून अक्कांचे थोरले दीर आले, नाना. दारातूनच गावच्या बोलीत सुरू!

"बाईना हातमा आरी शोभस का?"

अक्कांनी मान वर केली नाही. "आरीले काय समजस नाना, हात बाईना शे का माणूसना?"

नाना खूप चिडले. पाणीसुद्धा घेतलं नाही. पण जाता जाता शिवणीकडे नजर गेलीच.

"मंग टाका तरी घट्ट वढीसन घाल!"

* * *

आता माझा पराक्रम. ही छर्ऱ्यांची पिशवी आधी उलटी शिवायची, मग भिजवून सुलट करायची आणि आत वाळू भरून वाळवायची, म्हणजे पोट छान गोल राहतं. मी पहिलीच पिशवी इतक्या मन लावून शिवली, की सुलट करायला जागाच उरली नाही.

"अक्का, मी तोंडच शिवून टाकलं हो!"

अक्का हसल्या नाहीत. "बाईच्या जातीचं सगळे हेच करतात. आपण नाही करायचं. उसव!"

* * *

कॉलनीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. नाकाला रुमाल. "अक्का, चांगल्या लोकांची वस्ती आहे. चामड्याचं काम इथं नको."

"बरं. आत या, बोलू. पण चामडं बाहेर ठेवून या."

सेक्रेटरींनी बूट काढले.

"पाकीट?"

त्यांनी पाकीटही काढून बुटांवर ठेवलं.

अक्का म्हणाल्या, "आता पट्टा, साहेब!"

सेक्रेटरी दारातूनच परत गेले. पँट धरून नव्हे, पण जवळपास तसेच!

* * *

आणि हे धुळ्याचं प्रदर्शन. जुन्या हस्तकलांचं. अक्कांनी त्यासाठी नवी कोरी पिशवी शिवली. बोटांची सालं निघाली होती. आम्ही दोघी एसटीने गेलो. बघतो तर काचेच्या टेबलावर पिशवी, आणि तिच्यापुढे कार्डावर अक्कांच्या मालकांचं नाव!

"ही मी शिवली," अक्का म्हणाल्या.

संयोजक गोड हसले. "अहो अक्का, मालकांचं नाव मोठं. तुमचं-त्यांचं काय वेगळं आहे का?"

मालकांवर अक्कांचा फार जीव होता, आजही त्यांचा फोटो पुसल्याशिवाय त्या शटर उघडत नाहीत.

तेवढ्यात पाहुण्या बाई आल्या, मागे कॅमेरेवाले. अक्कांनी कार्ड उचललं, नीट घडी घातली, पिशवीत टाकलं आणि गळ्याची दोरी आवळली. पिशवी खांद्याला अडकवून त्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"किती सुंदर!" बाई म्हणाल्या. "यात काय ठेवायचे हो?"

"पूर्वी छर्रे," अक्का म्हणाल्या. "आता नवऱ्याचं नाव!"