तुळजाबाई आणि घाटावरच्या चपला

मला नसत्या चौकशा करायची खोडच आहे, बायको म्हणते ते खोटं नाही. नांदेडजवळ गोदावरीच्या बंधाऱ्यामागच्या फुगवट्यावर आमचा शिडाच्या होड्यांचा क्लब आहे. मी सभासद झालो खरा, पण होड्यांपेक्षा तुळजाबाईकडंच जास्त बघत बसायचो. लाइफ जॅकेटं वाटायची अन् परत घ्यायची, एवढंच तिचं काम. पण बाईची नजर सारखी घाटावर काढून ठेवलेल्या चपलांवर!

एकदा विचारलंच, "बाई, चपलांत काय ठेवलंय एवढं?"

"सर, वहीत लोक जाताना सही करत्यात अन् येताना तसेच पळत्यात. चपला सोडून कोण पळंल? जोड हाय म्हंजे माणूस पाण्यावर हाय."

तिचा नवरा मासे धरताना बुडाला, तेव्हा त्याच्या चपला दिवसभर काठावर पडून होत्या. कुणी विचारलं नाही. हे तिनं जॅकेटं मोजता मोजता अगदी सहज सांगितलं.

नवरात्रातल्या शनिवारी सभासदांची शर्यत होती. मधेच वारं सुटलं. एकेक होडी परत आली, लोक जॅकेटं ढिगात टाकून, चपला घालून पांगले. "घाट मोकळा," तुळजाबाई म्हणाली, तसा क्लबचा होडीवाला लिंबाजी मदतीची इंजिनाची होडी साखळीनं बांधायला लागला. मी शर्यतीत उतरलेल्या भोकरच्या हनुमंतची वाट बघत होतो, तो मला गाडीनं वाटेत घरी सोडायचा.

"गेला की तो," बाई म्हणाली. "एक बी जोड उरला न्हाई."

"अहो, गाडी हितंच हाय त्याची! आणि नवरात्रात तो अनवाणी असतो ना..." बोलता बोलता माझीच जीभ अडखळली.

"माय गं! लिंबाजी, साखळी सोड! पोरगं पाण्यात हाय!"

अर्धा तास कसा गेला ते मलाच ठाऊक. उलटलेल्या होडीला बिलगून बसलेला हनुमंत लिंबाजीनं आणला, ओठ निळे पडलेले. जॅकेट होतं म्हणून वाचला. तुळजाबाईनं आधी त्याच्यावर हात उगारला, मग तोच हात धरून हंबरडा फोडला. "मीच म्हणले रे, घाट मोकळा! उद्यापासून मी येत न्हाई."

आम्ही लई समजावलं. ती ऐकेना. हनुमंतचा नेम तर मला ठाऊक होता, पण जगाच्या चौकशा करणारा मी तिला तेवढं सांगायला विसरलो होतो. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जॅकेटांच्या खोलीची किल्ली परत द्यायला आली. घाटावर हनुमंत उभा, अनवाणीच, हातात चपलांचा जोड.

"मावशी, पायात घालणार न्हाई, नेम हाय. पर हितं ठिवून पाण्यावर जातो."

बाईनं किल्ली कमरेला खोचली आणि त्याच्या अंगात जॅकेट चढवून पट्टे करकचून आवळले.

"ठिव," ती म्हणाली. "अन् माघारी येऊन सोताच्या हातानं उचल."