सगळ्या किल्ल्या

कुलुपवाल्या काकांचा एक नियम होता. कुलूप बसवलं की सगळ्या किल्ल्या मालकाच्या हातात. एकही स्वतःकडे ठेवायची नाही. "ठेवली की झोप उडते," म्हणायचे. गल्लीचा त्यांच्यावर विश्वास होता तो याच कारणाने.

बायको गेली आणि घरावरून मुलगा-मुलगी एकमेकांचं तोंड बघेनात. खाली दुकान, वर दोन खोल्या. तेवढ्यावरून. काकांनी तोडगा काढला. घरच धर्मादाय ट्रस्टला देऊन टाकायचं. दुकानात गरजू पोरांना हे काम शिकवायचं. विश्वस्त ही दोघं भावंडं.

"घर कुणाचंच नाही म्हटल्यावर भांडतील कशावरून?" काका खूश होते.

ट्रस्टचे कागद करणाऱ्या वकीलबाईंनी विचारलं, "हयात असेपर्यंत वर राहायचा तुमचा हक्क लिहून ठेवू या ना?"

"पोटच्या पोरांकडून लिहून घेऊ? मग बाप कशाला झालो, भाडेकरूच झालो असतो की!"

बाईंनी पुन्हा विचारलं. काकांनी हात झटकला.

आणि खरंच भांडण मिटलं. दोघं एकत्र जेवायला येऊ लागली. स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायची. काका आत गेले की गप्प व्हायची. काकांना त्या शांततेचंही कौतुक.

एक दिवस एक माणूस टेप घेऊन वरची खोली मोजायला आला. काकांच्या पलंगावर चढून त्याने भिंत मोजली.

"वर ऑफिस करायचंय, बाबा," मुलगी म्हणाली.

"आणि मी?"

"ट्रस्टच्या जागेत असं कुणी फुकट राहिलेलं चालत नाही म्हणे. बघू काहीतरी."

"कुणी म्हणजे मीच ना गं?"

"लगेच शब्दात पकडू नका," मुलगा म्हणाला. "आणि हो, वरच्या दाराला नवीन कुलूप लागेल. तुमच्यासारखं कोण बसवणार?"

काका सुखावले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मन लावून कुलूप बसवलं. मुलीने स्क्रू धरले. जिन्यात उभं राहून त्यांनी दार ओढून घेतलं, किल्ली फिरवून बंद केलं. लोण्यासारखी फिरली.

तीन किल्ल्या. एक मुलाला दिली. एक मुलीला.

"तिसरी?" मुलीने हात पुढेच ठेवला होता.

काका क्षणभर थांबले. मग सवयीने हात आपोआप उघडला.

"चष्मा आत राहिला," थोड्या वेळाने ते म्हणाले.

मुलाने बहिणीकडे पाहिलं. कुणीच किल्ली काढली नाही.