तूटफुटीची वही

काचेच्या दुकानात सगळे तिला वहिनीच म्हणत. दीर म्हणायचा, म्हणून मग गडी, टेम्पोवाला, अगदी कारखान्याचा वसुलीवालाही. वीस वर्षं ती तिथल्या हिशेबाच्या टेबलामागे बसत होती.

दुकान दोघा भावांचं. तिचा नवरा, म्हणजे सगळ्यांचा दादा, मागे काच कापायचा. धाकटा दीर पुढे गिऱ्हाइकं सांभाळायचा. एक नियम मात्र तिचा होता: ज्याच्या हातून काच फुटेल, त्याने स्वतःच्या अक्षरात तूटफुटीच्या वहीत लिहायचं. पैसे कापले जायचे नाहीत, फक्त लिहायचं. दादाच्या नोंदी सगळ्यांत जास्त, कारण कापणारा तोच. एकदा त्याने 'शिंक आली' असंही कारण दिलं होतं. दिराची नोंद मात्र शोधून सापडायची नाही.

या वर्षीच्या मोजणीत अकरा आरसे कमी भरले.

"फुटले असतील," दीर म्हणाला. "दादाचा हात थरथरतो आता. त्याला बसवा घरी. कापलेला माल बाहेरून आणू."

दादा टेबल पुसत राहिला. उलटून बोलणं त्याला कधी जमलं नाही. घरातलं तेवढं खातं तिच्याकडे होतं.

"फुटले असते तर ह्यांनी लिहिले असते."

"वहिनी, कुठल्या जमान्यात आहात? वह्याच बंद करू. मी सॉफ्टवेअर बघून ठेवलंय."

त्याला वाटलं, आता ती नको नको म्हणेल.

"आणा की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर विकणारे गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले. दिराची पसंती चकचकीत होती. बिलं, कर, उधारी, सगळं मोबाइलवर. वहिनीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "आरसा फुटला. कुठे लिहायचं?"

"सोप्पं आहे, ताई. शिल्लक दहा असेल तिथे नऊ करायचे."

"कुणी फोडला, कसा, ते?"

"ते लागत नाही."

"आणि हे नऊ कोण करणार?"

"ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो. घरबसल्या! मागचं काही दिसत नाही, एकदम स्वच्छ."

"काच आम्ही पुसून देतो हो. हिशेबावर बोटांचे ठसे राहिलेले बरे."

दीर हसला. "वहिनींना कॉम्प्युटर कळत नाही. तुम्ही मनावर घेऊ नका."

"कॉम्प्युटर नाही कळत, भावजी. तुम्ही कळता."

सौदा कोणत्या खुर्चीशी करायचा ते गृहस्थांनी ओळखलं. त्यांनी दुसरं सॉफ्टवेअर काढलं. करडा, जुनाट पडदा. दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालणारं. पण त्यात शिल्लक कमी करायची तर कारण आणि नाव भरल्याशिवाय पुढे जाता येईना, आणि खोडलेलं तारखेसकट दिसत राही.

"हेच," वहिनी म्हणाली.

"दुप्पट महाग आहे हे!"

"वरचे पैसे माझ्या पगारातून कापा. वीस वर्षांचा थकलाय."

गृहस्थ खोकला आल्यासारखं करून हसू दाबत राहिले. दादाने मागून फडकं झटकलं आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. "घ्या हेच."

लगेच शिल्लक भरायला घेतली. आरशांपाशी अकराचा फरक आला आणि पडदा अडला. नाव आणि कारणाच्या चौकटी रिकाम्या.

"दादाचं नाव टाका," दीर पुटपुटला.

"ह्यांची प्रत्येक फूट वहीत आहे आणि मोजणीत वजा झालेली आहे. हे अकरा त्याहून वेगळे." तिने पडदा त्याच्याकडे फिरवला. "तुमच्या मेहुण्यांनी सलून काढलं ना? उद्घाटनाला गेले होते मी. किती आरसे लागलेत हो तिथे?"

दिराने गृहस्थांकडे पाहिलं, मग दाराकडे. पडदा थांबलेलाच होता.

"अकरा," तो म्हणाला. "सांगायचं राहून गेलं."

"बरं. आता तुमच्या हाताने लिहा."

एका बोटाने, अक्षरं शोधत, त्याने स्वतःचं नाव लिहिलं. ह्या दुकानातली त्याची पहिली नोंद.

तेवढ्यात मागे खळ्ळकन आवाज झाला.

"अगं, एक गेली!" दादा ओरडला. "लिही माझ्या नावावर."

"मी नाही लिहिणार," वहिनी खुर्चीतून उठत म्हणाली. "या इकडे. तुम्हालाच शिकायचंय हे, अजून पुष्कळ वर्षं काच कापायचीय तुम्हाला."