मामांचा ऑक्सिजन शहाऐंशी

हसणार असाल तर आधीच हसून घ्या. धडधाकट सासऱ्यांना मी दवाखान्याच्या वाटेला लावलं होतं, आणि तेही गणितात बी.एस्सी. असून.

कोरोनाची दुसरी लाट होती. लग्नाला अडीच महिने झालेले. नांदेडहून लातूरला आले ती थेट टाळेबंदीत. वरच्या खोल्यांत एरवी क्लासची पोरं भाड्यानं राहायची. ती गावी गेलेली, पेट्या तेवढ्या मागे. घरात चौघंच: मामा-मामी, म्हणजे सासू-सासरे, आमचे हे आणि मी. हे वर बसून लॅपटॉपवर फिजिक्स शिकवायचे. खाली आम्हालाही सगळं ऐकू यायचं. मामींना घर्षण बऱ्यापैकी समजलं होतं.

त्यात मामा पॉझिटिव्ह आले. त्रास फारसा नव्हता, म्हणून घरीच, वेगळ्या खोलीत. रोज सकाळी नांदेडचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर बघायचे आणि एक दिवसाआड शबाना सिस्टर घरी येऊन तपासायच्या. बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावून डॉक्टरांना ऑक्सिजन सांगायचं काम ह्यांचं. त्या दिवशी ह्यांच्या बॅचची टेस्ट, म्हणून मला पाठवलं.

आता नवी सून सासऱ्यांच्या शेजारी कशी बसेल? मास्कवर पदर ओढून मी पायथ्याशी, त्यांच्या बरोबर समोर स्टुलावर टेकले. मामांनी हात पुढं केला. मी वाचलं, "शहाऐंशी."

फोनमधले डॉक्टर ताठ बसले. "पुन्हा लावा."

"शहाऐंशीच."

"बोट चोळा. दुसऱ्या बोटाला लावा."

"शहाऐंशी."

"मला तर बरं वाटायलंय," मामा म्हणाले.

"तेच तर वाईट. यात बरं वाटत असतानाच ऑक्सिजन उतरतो. बेड बघा. सिस्टरला लगेच यायला सांगतो."

"नीट बघितलं का पण?" मामांनी विचारलं.

"ती बी.एस्सी. हाय," मामी दारातून म्हणाल्या. "चुकंल कशी?"

त्या दिवसांत दवाखान्यात गेलेला माणूस परत येईलच असं नव्हतं. मामींनी पिशवीत तीन टॉवेल भरले, सदरा एकही नाही. हे माइक चालू ठेवूनच खाली धावले आणि जिन्यातनंच फोनवर ओरडायला लागले. "बाबांना बेड मिळंना" हे अख्ख्या बॅचनं ऐकलं. औशापासून लोह्यापर्यंतचे पालक बेड शोधायला लागले, फोन थांबेनात.

मामा तेवढे शांत. "त्र्याण्णवच्या भूकंपात सगळे अनवाणी पळाले, मी चपला घालून निघालो होतो. घाई करू नका."

मग उशाखालचा किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढं सरकवला. "पोरं परत आली की खोल्या उघडून दे. तीन नंबरचा पंखा आवाज करतो, तेवढं दुरुस्त करून घे."

मला हुंदकाच फुटला.

तेवढ्यात सिस्टर आल्या. पीपीई किट घातलेल्या, तशाच सरळ मामांच्या शेजारी खाटेवर बसल्या. चिमटा लावला.

"अठ्ठ्याण्णव. शहाऐंशी किसने बोला?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तू कुठं बसली होतीस, बेटा?"

मी स्टूल दाखवलं. त्या तिथं येऊन बसल्या, वाकून पाहिलं, आणि किटच्या आत हसायला लागल्या. "इथनं उलटं दिसायलंय गं. अठ्ठ्याण्णव उलटं केलं की शहाऐंशीच होतंय."

सिस्टरनी डॉक्टरांना फोनवर खरा आकडा कळवला. हे खाली मान घालून पालकांना कळवायला वर गेले. मी किल्ल्या परत द्यायला गेले, तर मामा म्हणाले, "राहू दे तुझ्याकडंच."

त्या महिन्यातलं मला आज सगळ्यात आधी हेच आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र मामा चष्मा लावून आकडा स्वतःच वाचायला लागले. व्हिडिओ कॉल लागला की गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "डॉक्टरसाहेब, माझ्याकडनं अठ्ठ्याण्णव. सूनबाईकडनं शहाऐंशी."