मापाड्याच्या लेकीनं खोडलेला क्विंटल

“मॅडम, तुमच्या कंप्युटरला सांगा, मी चोर न्हाई!”

उदगीरचे डाळमिलवाले अप्पा माझ्या टेबलासमोर उभे होते. कपाळाला भस्म, काखेत कागदांची पिशवी. बसा म्हटलं तर बसेनात. त्यांच्या तुरीचे आठ कंटेनर नांदेडकडच्या आमच्या कस्टम्स डेपोत पाच दिवस अडकले होते.

वर्ष दुष्काळाचं. शिवारात तूर नव्हतीच, मिली चालत होत्या परदेशातून आणलेल्या तुरीवर.

“डाळ निवडायला चाळीस बाया हायत माझ्याकडं. काम न्हाई म्हणून ऊसतोडीला निघून राहिल्या. मुकादम उद्या सकाळी ट्रक लावणार. एकदा गेल्या की सहा महिने मिलीला कुलूप. उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून वाट बघून राहिलोय, ते होईल तवा होईल. माल तेवढा आज सोडा.”

मी तिथं सिस्टिम्स बघायचे. बाहेरून माल आला की व्यापारी त्याची किंमत सांगतो. ती खरी की मुद्दाम कमी सांगितलेली, हे आमचं सॉफ्टवेअर तपासतं. तसाच माल नुकताच कुणी काय भावानं आणला, ते जुन्या नोंदींत बघतं. किंमत फारच कमी वाटली तर लाल खूण. लाल खुणेवर सही करायला एकही अधिकारी धजत नाही. गेल्याच आठवड्यात आम्ही नवं व्हर्जन टाकलं होतं. पेढेसुद्धा वाटले होते. तेव्हापासून मशिनचे भाग, कागद, सगळं हिरवं. तूर तेवढी लाल.

साहेबांचा फोन आला. “रोलबॅक करा.” म्हणजे नवं काढा, जुनं परत बसवा.

“सर, त्यात अख्खा डेपो दोन दिवस बंद राहील. मला थोडा वेळ द्या.”

“तीनपर्यंत. नंतर मी काही ऐकणार नाही.”

अप्पांची नोंद उघडली. त्यांची किंमत जुन्या भावाच्या बरोबर शंभराव्या हिश्शाची दिसत होती. लबाडी करणारा माणूस इतकी करत नाही हो, दहा-वीस टक्क्यांवर भागवतो. मग जुनी नोंद उघडली. भाव होता आणि पुढं लिहिलं होतं, क्विंटल. आमचा जुना ऑपरेटर इथलाच. बाजार क्विंटलात बोलतो, म्हणून तोही क्विंटलातच भरायचा. नव्या व्हर्जनच्या एककांच्या यादीत क्विंटल नव्हता. त्यानं क्विंटलचा भाव किलोचा धरला होता.

यादीच्या कागदावर सही माझी होती. कंपनीच्या इंजिनिअरनं विचारलंही होतं, “क्विंटल ठेवायचा का?” मी ऐटीत म्हटलं होतं, “परदेशी व्यापार टनात नाहीतर किलोत चालतो. काढून टाका.”

‘क्विंटल म्हणजे शंभर किलो’ ही एक ओळ परत घातली. आधी कॉपीवर चालवून बघितली, मग खऱ्या सिस्टिमवर. पावणेतीनला पहिला कंटेनर हिरवा झाला, मग एकेक करत आठही. हुश्श! मला रडूच आलं.

अप्पांना खरं ते सांगून टाकलं. “कंप्युटरची चूक नाही, अप्पा. क्विंटल मीच खोडला.”

“गाव कोणतं तुमचं?”

“जळकोट. वडील लातूरच्या मोंढ्यात मापाडी होते. आयुष्यभर त्या बाजारात धान्य मोजलं त्यांनी.”

अप्पा पहिल्यांदा खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. “आगं बाई! मापाड्याची लेक, अन् क्विंटल खोडती? बापानं काट्यावर बसवलं असतं तुला!” ‘मॅडम’वरून थेट ‘तुला’वर आले होते. मला ते फार बरं वाटलं. मग त्यांनी मिलीत फोन लावला. “मुकादमाला चहा पाजा अन् वाटंला लावा. बायांना सांगा, माल सुटला.”

पुढं रिटायर होईपर्यंत कुठलंही नवं व्हर्जन आलं की टेस्टिंगची पहिली नोंद मी स्वतः भरायचे. माल, तूर. एकक, क्विंटल.