ब्लियाने शिवलेली झोळी

ब्लिया थाओला चार मुलगे आणि एकच मुलगी. लेकीच्या पहिल्या बाळाला पाठीवर बांधायची भरतकामाची झोळी द्यायची ती आईकडच्या आजीने, आणि तीही स्वतःच्या हाताने शिवून, हे लाओसच्या डोंगरांतून अमेरिकेत आलेल्या ह्मोंग घरांत सांगावं लागत नाही. मुलांच्या वेळी हा मान त्यांच्या सासवांचा. त्यामुळे ब्लियाने चार वेळा दुसऱ्यांच्या झोळ्यांचं तोंडदेखलं कौतुक केलं होतं, आणि परतताना गाडीत नवऱ्याजवळ एकेका टाक्याची चिरफाड केली होती. तिसऱ्या मुलाच्या वेळी तर तिला गाडीपर्यंतही धीर धरवला नाही. भर पंगतीत तिने झोळी उलटी केली आणि म्हणाली, "ही तर विकतची! मागून बघा, मशीनचा दोरा आहे." त्या विहीणबाई त्यानंतर सेंट पॉलमधल्या कुठल्याही कार्यात ब्लियाच्या शेजारी बसल्या नाहीत. ब्लियाला त्याचं काही वाटलं नव्हतं. आपलं तोंड फटकळ आहे पण खरं आहे, असं ती मोठ्या अभिमानाने सांगायची.

आता मात्र पाळी तिची होती. आयुष्यात एकदाच येणारी.

एप्रिलमध्ये गाओनूने, म्हणजे त्या एकुलत्या एका लेकीने, बाळाच्या सामानाची यादी केली. ज्याला जे घेऊन द्यायचं त्याने ते यादीतून उचलायचं. गाओनू शाळेत शिकवते, आणि तिच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते उठत नाही. या यादीत तिने ठरवून फक्त आशियाई बायकांच्या लहान लहान कंपन्यांचं सामान घातलं होतं. दुधाच्या बाटल्या तैवानच्या एका बाईच्या, दुपटी न्यू जर्सीतल्या एका गुजराती मुलीची, अंगाला लावायचं तेल दोन कोरियन बहिणींचं.

"मोठ्या दुकानांत सगळेच जातात गं आई," गाओनू म्हणाली. "आपल्यासारख्या बायकांनी एवढं उभं केलंय. आपण नाही घेतलं तर कोण घेणार?"

"बाळ हगणार त्याच दुपट्यावर. त्याला काय कळतंय, गुजराती की अमेरिकन!"

"बाळाला नाही, मला कळतं."

ब्लिया हसली. लेकीचा असला हट्ट तिला मनातून आवडायचा. मग ती फोनवरची यादी बोटाने खाली सरकवत गेली आणि एका जागी थांबली. "ही कसली झोळी?"

"फ्रेझ्नोची एक मुलगी करते. आपलीच आहे, ह्मोंग. कमरेला रुंद पट्टा असतो, त्यामुळे पाठ दुखत नाही."

"आणि मी काय मेले?"

"तसं नव्हे गं. तुझ्या दोन्ही मनगटांची ऑपरेशनं झालीत, म्हणून म्हटलं..."

"माझ्या मनगटांचं मला सांगू नकोस. काढ ते यादीतून. झोळी मी शिवणार."

गाओनूने ते काढलं, आणि आईच्या गळ्यात हात टाकून ती लहानपणी रडायची तशी रडली. ब्लियाने तिच्या पाठीवर थोपटलं. आता माघार नव्हती.

टाका तिला येत नव्हता असं नाही. थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीत सहाव्या वर्षापासून ती आईच्या मांडीला मांडी लावून शिवत होती. कापड कापून, कडा सुईच्या टोकाने आत दुमडून गोगलगाईच्या शंखाची वेटोळी काढायची आणि गोऱ्या पाहुण्यांना विकायची. पण चौदाव्या वर्षी ती अमेरिकेत आली, सोळाव्या वर्षी लग्न झालं, आणि मग सव्वीस वर्षं तिने एका कारखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली डोळे घालून केसाएवढ्या तारा जोडल्या. त्या तारा कुणाच्या तरी छातीत बसून काळीज चालू ठेवायच्या. ब्लियाची बोटं मात्र त्यात बधिर झाली. मे महिन्यात तिने निळं कापड आणलं, दुपारी खिडकीशी बसून पहिलं वेटोळं घातलं, आणि उजेडात धरून पाहिलं तर ते वेटोळं कुणीतरी पायाखाली तुडवल्यासारखं दिसत होतं. तिने ते उसवलं. पुन्हा घातलं, पुन्हा उसवलं. शेवटी कापडालाच भोक पडलं.

"कुठवर आलं गं?" गाओनू फोनवर विचारायची.

"झालं अर्धं," ब्लियाने एके दिवशी सांगून टाकलं. थाप तोंडातून इतकी सहज निघाली की तिची तिलाच भीती वाटली. पुढच्या आठवड्यात अर्ध्याचं पाऊण झालं.

जुलैमध्ये नवरा मासे धरायला तळ्यावर गेल्यावर तिने गाडी काढली. सेंट पॉलच्या ह्मोंग बाजारात झोळ्या लटकलेल्या असतात, पण तिथे दर तिसरं माणूस नात्यातलं. म्हणून ती दीड तास गाडी हाकत दुसऱ्या राज्यात, विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअरच्या शेतकरी बाजारात गेली. तिथे काकड्यांच्या आणि कोथिंबिरीच्या ढिगांमागे एक म्हातारी बसली होती, आणि तिच्या डोक्यावरच्या दोरीला दोन झोळ्या टांगलेल्या होत्या. एक तिला साधारणच वाटली. दुसरी ब्लियाने दोरीवरून उतरवूनच घेतली. तिची आई शिवायची तशीच होती ती. वेटोळी तांदळाच्या दाण्याएवढी, आणि मागची बाजू पुढच्याइतकी नितळ.

"कुणासाठी गं पोरी?" म्हातारीने विचारलं.

"शेजारीण आहे एक. तिने सांगितलंय आणायला."

म्हातारीने झोळी जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून दिली आणि वर मूठभर कोथिंबीर फुकट दिली. पार्किंगमध्ये येईपर्यंत ब्लियाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

सप्टेंबरमध्ये गाओनूला मुलगी झाली. महिनाभर तिने रिवाजाप्रमाणे औषधी पाल्यात शिजवलेली कोंबडी आणि भात खाल्ला, आणि ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सासरच्या घरी बाळाचा जीव घरात बोलावण्याचा विधी ठरला. सासू झोंग हौशी बाई. साधासुधा भगत तिला चालेना. "विस्कॉन्सिनचा एक म्हातारा आहे, त्याने बोलावलेला जीव कुठे जात नाही," असं म्हणून तिने त्याला बोलावून घेतलं. भगत सकाळीच आला. उघड्या दारात उभा राहून, अंडी आणि कोंबड्या समोर ठेवून, त्याने बाळाच्या जिवाला डोंगरातून, नदीतून, दवाखान्यातून घरी ये म्हणून साद घातली. मग सगळ्यांनी बाळाच्या मनगटाला पांढरे दोरे बांधले. दोरे बांधायला भगताची बायको पुढे आली, आणि ब्लियाच्या हातातला दोरा खाली पडला.

तीच. काकड्यांमागची म्हातारी.

म्हातारीनेही पाहिलं. ओळखलं की नाही ते चेहऱ्यावर उमटलं नाही. ब्लियाला वाटलं, पोटात दुखतंय म्हणावं आणि घरी निघून जावं. पण तेवढ्यात गाओनूने आईने दिलेली झोळी आणली आणि सगळ्यांसमोर दोन हातांनी उंच धरली.

"बाकी सगळं मी मागितलेलं. प्रत्येक वस्तूसोबत त्या त्या बाईचा फोटो आणि तिची गोष्ट आलीय."

"हो ना," झोंग म्हणाली, "बाटली उघडायच्या आधी निबंध वाचावा लागतो आमच्याकडे!"

सगळे हसले. "हसा," गाओनू म्हणाली. "पण ही मी मागितली नाही. ही माझ्या आईने अशा मनगटांनी शिवलीय. चार महिने." ती आईकडे वळली. "आई, फ्रेझ्नोच्या त्या मुलीला मी कळवलं होतं ना, तुझी झोळी नको म्हणून. ती म्हणाली, तुझ्या आईचं चार वाक्यांचं बोलणं रेकॉर्ड करून मला पाठव, मी सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवीन. बोल ना. कशी शिवलीस?"

फोन समोर आला. ब्लियाला नाही म्हणता आलं असतं. लाजरी बाई असती तर तिने तोंडावर हात घेतला असता आणि तेही खपून गेलं असतं. पण ब्लिया कुठे लाजरी होती! "रोज दुपारी खिडकीशी बसायचे," ती म्हणाली. "आधी गोगलगाईचं वेटोळं. कड आत घ्यायची, मग टाका..." आपलाच आवाज तिला ऐकू येत होता, आणि समोर चार हातांवर ती म्हातारी मांडीवर हात ठेवून निमूट ऐकत होती. ब्लियाच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती, आणि तरी ती बोलत राहिली.

"काकू, तुम्ही या कामातल्या," झोंगने भगताच्या बायकोला हाक मारली. "सांगा बघू, आमच्या विहीणबाईंचा हात कसा आहे?"

म्हातारीने झोळी मांडीवर घेतली. वेटोळ्यावरून अंगठा फिरवला. मग ती उलटी केली. ब्लियाची पाचावर धारण बसली. तिसऱ्या सुनेची आई तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, हातात ताट घेऊन, खाली मान घातलेली.

"स्वच्छ आहे," म्हातारी म्हणाली. "मला आता असं जमायचं नाही." आणि झोळी घडी करून तिने परत दिली.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पण ब्लियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीने उलटून तोंडात मारली असती तर तिने ती सोसली असती.

पुरुषांची पंगत बसली तेव्हा म्हातारी स्वयंपाकघरात पाला धुवायला उभी राहिली. ब्लिया तिच्या मागे गेली.

"काकू, तुम्ही ओळखलंत."

"माझे टाके मी नाही ओळखणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" म्हातारीने नळ बंद केला. "अशा एकोणचाळीस विकल्या मी. भगताबरोबर गावोगाव जाते, कार्याला बसते. त्यातल्या सात माझ्या डोळ्यांसमोर दिल्या गेल्या. सातही आज्या म्हणाल्या, मी शिवली. एकीने तर मलाच शिकवलं, टाका कसा घालायचा ते." ती हसली. तिच्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच ब्लियाला बघवेना. "तू निदान लाल तरी झालीस."

"वाईट नाही वाटत तुम्हाला?"

"पहिल्या वेळी घास उतरला नव्हता. आता जेवते मी." म्हातारीने पुन्हा नळ सोडला. "जा, लेकीजवळ बस. तिचा आनंद आहे."

ब्लिया बाहेर आली. गाओनू सोफ्यावर बाळाला घेऊन, फोनवर आईचंच बोलणं ऐकत होती. "छान आलंय गं," ती म्हणाली. "पाठवते."

"नको पाठवूस."

"का? लाजतेस काय?"

"मी शिवली नाही ती झोळी."

पंगतीतल्या पुरुषांनी माना वळवल्या. झोंग भाताचं भांडं घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली. एकदा बोलायला लागली की ब्लिया थांबत नाही, आणि आज तेवढाच एक गुण तिच्या उपयोगी पडला. "मला जमली नाही. कापडाला भोक पडलं. मग मी ओ क्लेअरच्या बाजारातून विकत आणली आणि तुझ्याशी खोटं बोलले. मघाशी फोनवर बोलले तेही खोटं. शिवणारी बाई याच घरात आहे. ही झोळी शिवली..."

तिने हात स्वयंपाकघराकडे केला, आणि तोंड उघडंच राहिलं.

"कुणी?" गाओनूने विचारलं.

"भगताच्या बायकोने."

"हो, पण नाव काय त्यांचं?"

ब्लियाने झोंगकडे पाहिलं. झोंगने नवऱ्याकडे पाहिलं. पंगतीच्या वरच्या टोकाला भगत बसला होता; त्याने वाटीतून मान वर केली नाही. म्हातारी ओले हात झग्याला पुसत दारात आली होती.

"चोआ," ती म्हणाली. आवाज बसलेला होता, म्हणून तिने खाकरून पुन्हा सांगितलं, "चोआ लोर."

गाओनूने ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं. ती उठली, बाळाला घेऊन म्हातारीसमोर गेली आणि वाकली. मग आईकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि या वेळी ते आईच्या कौतुकाचं नव्हतं.

"विकत घेतलीस, ते चालेल गं आई. खोटं बोललीस, तेही एक वेळ चालेल. पण त्यांच्याकडून घेताना तू त्यांना काहीच विचारलं नाहीस?"

ब्लिया खाली बघत म्हणाली, "रंग जातो का, तेवढं विचारलं होतं."