यंत्राला लावलेली चाळिशी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर तुर्भ्याच्या आमच्या कंपनीतल्या डिझाइनच्या मॅडमचे. आईवडिलांचे उपकार कुणी मोजत नाही, म्हणून ते वेगळे ठेवतो. पण परक्या माणसाने आपल्यासाठी दार उघडून धरावं आणि त्याचा कुठे उच्चारही करू नये, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या रूपाने.

मी सांगोल्याकडचा. शाळा सगळी मराठीत झाली. पुढे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली, घरातला पहिला पदवीधर झालो. पण इंग्रजीत प्रश्न आला की मी आधी त्याचं मनात मराठी करायचो, उत्तर मराठीत जुळवायचो, आणि ते परत इंग्रजीत नेईपर्यंत समोरचा माणूस पुढच्या उमेदवाराचा कागद हातात घ्यायचा. नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत अशा बऱ्याच मुलाखती देऊन मी तुर्भ्याला पोचलो. मॅडमनी टेबलावरचा टीव्हीचा रिमोट पुढे सरकवला आणि हा कसा चालतो, असं इंग्रजीत विचारलं. मी नेहमीप्रमाणे अडकलो. त्या म्हणाल्या, "असं करा, मी तुमची आई आहे असं समजा आणि मला सांगा."

माझी आई शाळेत गेलेली नाही. मी म्हटलं, "आई, याच्या तोंडाशी एक दिवा आहे. तो तुला-मला दिसत नाही, पण टीव्हीला दिसतो. बटण दाबलं की तो भराभरा उघडझाप करतो. टीव्ही ती उघडझाप ओळखतो."

"आणि मध्ये तुमची आई उभी राहिली तर?"

"तर टीव्ही ऐकणार नाही. उजेड तिच्या पदरावर आपटून माघारी येईल."

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या.

कंपनी म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. विजेचे मीटर वाचायला दारोदार फिरणाऱ्या लोकांसाठी आम्ही हातात धरायची यंत्रं बनवत होतो. आधी ते लोक वहीत आकडे लिहीत, आता यंत्रात भरू लागले होते. यंत्राचा पडदा दोन काडेपेट्या शेजारी ठेवाव्यात एवढा. त्यावर ग्राहकाचा क्रमांक, पत्ता, मागचं रीडिंग असं सगळं बारीक अक्षरात दाटीने बसवलेलं.

मॅडम नेरुळला राहायच्या. त्यांच्या सोसायटीत जिन्याखाली मीटरच्या पेट्या होत्या. तिथे येणारा मीटर रीडर आमचंच यंत्र हात लांब करून, मान मागे नेऊन वाचताना त्यांनी पाहिला. चष्मा खिशात होता, पण दर मीटरला तो काढायचा आणि घालायचा कुणी? दुसऱ्या दिवशी त्या कंपनीत आल्या आणि साहेबांना, म्हणजे आमच्या मालकांना म्हणाल्या, "चाळिशी माणसाला लावण्यापेक्षा यंत्राला लावू."

त्यांची कल्पना अशी होती. यंत्राच्या कपाळावर रिमोटमधल्यासारखा न दिसणारा एक दिवा बसवायचा. त्याच्या शेजारी, समोरच्या चेहऱ्यावरून किती उजेड परत आला ते बघणारा सेन्सर. पुष्कळ परत आला तर चेहरा जवळ आहे, बारीक अक्षर चालेल. थोडाच आला तर माणसाने यंत्र लांब धरलंय, म्हणजे त्याला दिसत नाहीये. तेव्हा पडद्यावरचं बाकी सगळं काढून टाकायचं आणि हवा तो आकडा मोठा करायचा. अंधारात पडद्यामागचा दिवा आपोआप लावणारा एक सेन्सर त्यांनी आधीच बसवला होता आणि तो बिनतक्रार चालत होता. या दुसऱ्याला आम्ही डोळा म्हणू लागलो. साहेब सुरुवातीला हसले. "मशीन म्हातारं व्हायच्या आधीच चष्मा लावताय तुम्ही त्याला." पण त्यांनी परवानगी दिली.

डोळा तयार होत आला तेव्हा मॅडमना सातवा महिना सरत होता. बाळंतपणाला त्या राजापूरकडे माहेरी जाणार होत्या. जाताना त्यांनी आपल्या खणाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "आता हे तुमच्याकडे. घाई करू नका, आणि साहेबांच्या आवाजाला घाबरू नका."

त्या गेल्या आणि त्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. दिवाळीनंतर नव्या यंत्रांच्या सर्किट बोर्डांची ऑर्डर द्यायची होती. "दसऱ्याला दहा मशीनं लोकांच्या हातात देऊ. दिवाळीपर्यंत डोळा चालला तर ठेवू. नाहीतर बोर्डावरून काढून टाकायचा आणि साधं मशीन विकायचं. मॅडम परत आल्या की मी बोलेन त्यांच्याशी."

मला रात्रभर एकच चित्र दिसत राहिलं. मॅडम रजेवरून परत आल्यात, नवा बोर्ड हातात घेतलाय, आणि डोळ्याची जागा कोरी आहे. ज्याच्या हातात किल्ली दिली तो मी शेजारी उभा आहे.

दसऱ्याला गाळ्यात पूजा झाली. सोल्डरिंगच्या गनपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना झेंडूचं फूल आणि हळदकुंकू. दहाही यंत्रं पाटावर मांडली आणि साहेबांनी स्वतः एकेकाच्या कपाळावर कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी ती कोपरखैरण्याला वाटली. चार दिवसांत निरोप आला की अक्षर मोठं होतच नाही.

यंत्रं परत मागवली आणि पहिल्याच यंत्रावर नजर पडली तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. कुंकू बरोबर डोळ्यावर होतं. इतका उजेड तिथूनच माघारी येत होता की यंत्राला वाटायचं, माणसाने नाक टेकवलंय. साहेब स्वतः कापूस घेऊन पुसायला बसले. "देवाचं नाव घेऊन मी डोळ्यातच बोट घातलं," म्हणाले. सगळा गाळा हसला. पुसल्यावर यंत्रं छान चालू लागली. आम्ही ती पुन्हा पाठवली, आणि पुन्हा तोच निरोप आला.

या वेळी साहेब हसले नाहीत. "मॅडम बाळंतपणाला गेल्या आणि मशीन रुसून बसलं. बघा काय करता."

मी सकाळीच कोपरखैरण्याला गेलो आणि एका मीटर रीडरबरोबर फिरू लागलो. खाडीकाठच्या गावातले ते, पन्नाशीकडे झुकलेले. रजेवर जायच्या आधी मॅडमनी त्यांना डोळ्याबद्दल सांगून ठेवलं होतं. सगळे त्यांना काका म्हणत. ते मात्र लहान-थोर सगळ्यांना तू म्हणत. पहिल्याच जिन्याखाली त्यांनी यंत्र लांब धरलं.

"साहेब, तू बघ. हात लांब केला का नाय मी?"

"केला."

"आता अक्षर बघ. मुंगीएवढा हाय. तुमच्या त्या बाई बोलल्या व्हत्या, मोठा व्हईल. कवा व्हईल? मी रिटायर झाल्यावर?"

मी यंत्र हातात घेतलं, फिरवून पाहिलं, डोळ्याची काच पाहिली. काहीच दिसेना. आम्ही तीन बिल्डिंगी केल्या. चौथ्या बिल्डिंगीच्या पायरीवर काका तंबाखू मळायला बसले. यंत्र किती जपून वापरलंय ते दाखवावं म्हणून त्यांनी ते पिशवीतून बाहेर काढलं. "बघ, एक ओरखडा नाय. कोरा करकरीत." मला दाखवायला त्यांनी ते हातभर लांब धरलं होतं. पडद्यावरचा आकडा टप्पदिशी मोठा झाला.

काका म्हणाले, "आता कसा झाला?"

पिशवी. नवा शर्ट ज्या पारदर्शक पिशवीत येतो ती. काकांनी यंत्र त्या पिशवीत घालून वरून रबरबँड लावला होता, आणि त्यातूनच बटणं दाबत होते. सकाळपासून ती पिशवी माझ्या डोळ्यांसमोर होती, मी ती हातात धरली होती, आणि मला ती दिसली नव्हती. दिसणार कशी? आमच्या घरी रेडिओला आईने शिवलेलं कव्हर होतं. टीव्ही आल्यावर रिमोट प्लास्टिकमध्ये गेला तो कधी बाहेर आलाच नाही. नव्या वस्तूला कव्हर घालणं ही माझ्या लेखी वेगळी कृतीच नव्हती. वस्तू आणली म्हणजे कव्हर आलंच. इतर नऊ यंत्रं जाऊन पाहिली. नऊच्या नऊ पिशवीत होती. डोळ्यातून निघालेला उजेड चेहऱ्यापर्यंत जायच्या आधी बराचसा प्लास्टिकवरूनच परत येत होता.

साहेब ऐकून मोकळे झाले. "मग काय, पत्रक काढा. कव्हर घालू नये. संपलं."

मी पत्रक न काढता आधी काकांना विचारलं. ते म्हणाले, "काढतो की. तू हायस तवर काढतो. तू गेलास का घालतो." मग मला समजावल्यासारखं म्हणाले, "इकडं बघ, खानींची धूल. पावसात पानी. माजा घाम. मशीन माजी नाय, कंपनीची हाय. परक्याची वस्तू तशीच ठेवायची व्हय?"

मीही हेच म्हटलं असतं. माझ्या घरचं कुणीही हेच म्हटलं असतं. कव्हर काढायला लावणारं यंत्र या लोकांसाठी बनवलेलंच नाही, एवढं मला तेव्हा कळलं. पण साहेबांना हे सांगून भागणार नव्हतं. दिवाळी जवळ आली होती.

दोन दिवस काही सुचलं नाही. मग काकांच्या चालण्याची आठवण झाली. एका बिल्डिंगीतून दुसरीकडे जाताना ते यंत्र पट्ट्याने गळ्यात सोडत, पडदा बाहेरच्या बाजूला. तेव्हा यंत्रासमोर कुणीच नसतं. मोकळा रस्ता असतो. त्या वेळी जो उजेड परत येतो तो फक्त कव्हरचा. म्हणजे यंत्राने अधूनमधून बघत राहायचं, त्यातल्या त्यात सगळ्यात कमी उजेड कधी आला ते लक्षात ठेवायचं, आणि तेवढा नेहमी वजा करायचा. उरेल तो चेहऱ्याचा. कव्हर कुणी काय घातलंय हे यंत्राला सांगावं लागणार नाही, ते स्वतःच शिकेल.

मी गाळ्यात शर्टाच्या, साडीच्या, फरसाणाच्या, नव्या, पिवळ्या पडलेल्या अशा पिशव्या जमवल्या. स्टोअरवाल्याने विचारलं, "काय रे, कपड्याचं दुकान टाकतोस का?" मी मॅडमच्या प्रोग्रामात भर घालायचो, तो चिपवर लिहायचो, यंत्र पिशवीत घालून गळ्यात अडकवायचो आणि गाळ्याच्या अंगणात ट्रकांच्या मधून चालायचो. चुकलं की चिपवरचा जुना प्रोग्राम पुसायला ती अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवायची आणि थांबायचं. शेवटी दहाही यंत्रांत नवी चिप घातली आणि तिसऱ्यांदा ती कोपरखैरण्याला नेऊन दिली. साहेब म्हणाले, "ही शेवटची फेरी."

मॅडमच्या माहेरी फोन नव्हता. फेरी झाल्यावर मी त्यांना हे पत्र पाठवलं.

"मॅडम, नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. इकडचं आधी कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं चांगलं काही नव्हतं. आता आहे.

डोळा चालला. दहापैकी आठ यंत्रं पिशवीत घालूनही तुम्ही ठरवलं होतं तशीच वागतात. उरलेल्या दोघांनी पिशवी दुमडून डोळ्यावर तिचे चार पदर आणले होते, तिथे काही इलाज चालला नाही. ते दोघे आता पिशवी उलटी घालतात, म्हणजे दुमड खालच्या टोकाला जाते. पिशवी म्हणजे काय आणि साहेबांनी कुंकू कुठे लावलं, हे तुम्ही आल्यावर सविस्तर सांगेन, तुम्हाला हसू येईल.

तुमच्या प्रोग्रामात मी तुम्हाला न विचारता भर घातली आहे. मोकळ्यात परत येणारा सगळ्यात कमी उजेड यंत्र लक्षात ठेवतं आणि वजा करतं. तुमचं मूळ काहीही बदललेलं नाही. एक उणीव राहिली आहे. गळ्यातलं यंत्र बराच वेळ पोटाकडे तोंड करून राहिलं तर ते शर्टालाच कव्हर समजतं. मग अक्षर उगाच मोठं होतं. बारीक होण्यापेक्षा ते बरं, असं मला वाटलं. तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

तुम्ही ज्यांना या यंत्राबद्दल सांगितलं होतं ते काका भेटले. आता चष्मा घरीच ठेवतात. म्हणाले, 'त्या बाईला सांग, माजा चष्मा आता बायको घालते. तिचा नंबर तोच हाय म्हनं.'

साहेबांनी डोळ्यासकट बोर्डाची ऑर्डर द्यायचं ठरवलं आहे. त्यासाठी बोर्डाच्या नकाशावर डिझाइनची सही लागते. साहेब म्हणाले, तुम्हीच करा, त्या एवढ्या लांब आहेत. मी नाही म्हणालो. डोळा तुमचा आहे. नकाशा सोबत पाठवत आहे. झेपेल तेव्हा बघा, घाई नाही, बोर्ड छापणारा कारखाना दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी उघडेल. कुठे चूक दिसली तर लाल पेनाने खूण करा, मी दुरुस्त करून परत पाठवीन. खाली उजव्या कोपऱ्यात तुमच्या सहीची जागा मोकळी सोडली आहे.

आपला,
तुमच्या खणाची किल्ली सांभाळणारा."